कागद, खळ आणि कात्री : पाड्यावर नेता येईल अशी आरास

वसतिगृहात हस्तकलेच्या तासाला काय शिकवता, असे भेटीला येणारे हितचिंतक मला नेहमी विचारतात. कागदकाम, असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "मग रंगीत कार्डशीट, चमकी, गोंदाच्या बाटल्या पाठवू का?" भावना चांगली असते आणि आलेली वस्तू कोणी परत करत नाही. पण त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर आम्ही काय करतो आणि कशातून करतो, हे आधी सांगायला हवे. म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहिते आहे. इतर केंद्रांवरील ताईंना आणि घरी नातवंडांबरोबर बसणाऱ्या वाचकांनाही यातले काही करून पाहता येईल.

आमच्या तासाचा एकच नियम आहे. जे साहित्य मुलीला तिच्या पाड्यावर मिळू शकेल, तेच तासाला वापरायचे. आमच्या मुली जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांवरून येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा सगळ्या समाजांच्या आहेत. काहींच्या पाड्यापासून स्टेशनरीचे दुकान दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. शहरातून आलेल्या चमकीच्या कागदाची सुंदर फुले वसतिगृहात होतात, पण खोके संपले की फुले संपतात आणि सुट्टीत घरी गेलेल्या मुलीच्या हातात काही उरत नाही. उलट रद्दी, भाताची पेज, डिंक, हळद आणि गेरू यांतून जे करायला ती शिकते, ते ती धाकट्या भावंडांना शिकवते. कला घरी जायची असेल तर तिचे साहित्यही घरचेच हवे.

कोणता कागद कशाला?

पाड्यावर वर्तमानपत्र रोज येत नाही, पण किराण्याच्या पुड्यांबरोबर रद्दी येते. जुन्या वह्या असतात, घरात एखादे कॅलेंडर असते, लग्नपत्रिका असतात. या प्रत्येक कागदाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो ओळखणे हाच आमचा पहिला धडा.

वर्तमानपत्राचा तुकडा हाताने उभा फाडून पाहा आणि मग आडवा फाडा. एका दिशेने तो पट्टी लावल्यासारखा सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात, त्यामुळे हे घडते. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी साफ बसते, आडवी घातलेली घडी किंचित फुटते. कागद गुंडाळायचा असेल तर तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने ठेवावेत, म्हणजे तो सहज वळतो. मुली बांबूकाम पाहात वाढलेल्या असतात. बांबू उभा चिरतो, आडवा चिरत नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही. कागदही तसाच, एवढे म्हटले की पुरे होते.

वर्तमानपत्र पातळ आणि मऊ असते, म्हणून ते लगद्याला, फुलांना आणि पताकांना चांगले. कार्यालयातला एका बाजूने छापलेला कोरा कागद घड्यांना आणि पाकिटांना चांगला. कॅलेंडरचा जाड कागद कंदिलाला आणि लग्नपत्रिकेचा पुठ्ठा शुभेच्छापत्राला उपयोगी पडतो.

एक सावधगिरी आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. वर्तमानपत्राच्या पिशवीत किंवा द्रोणात खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही. छपाईच्या शाईतले घटक तेलकट, गरम पदार्थात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे सांगितले आहे. खायला आपली पळसाच्या पानांची पत्रावळ आहेच, आणि तिला तोड नाही.

खळ आणि डिंक

लहानपणी पाकीट बंद करायला भाताची चार शिते बोटाने चुरडून लावलेली अनेक वाचकांना आठवत असतील. खळ म्हणजे त्याचेच मोठे रूप. पिठात किंवा भातात स्टार्च असतो. तो पाण्यात गरम झाला की फुगतो, घट्ट आणि चिकट होतो, आणि वाळताना कागदाचे तंतू एकमेकांना जखडून टाकतो.

एक वाटी मैदा असेल तर पाच वाट्या पाणी घ्यावे. मैदा आधी एक वाटी थंड पाण्यात कालवून त्यातल्या सगळ्या गुठळ्या मोडाव्यात. उरलेले चार वाट्या पाणी उकळावे, त्यात कालवलेला मैदा धार धरून सोडावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन खळ थोडी पारदर्शक दिसू लागली की उतरवावी. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर खळ लवकर आंबत नाही. तरीही दोन दिवसांत संपवावी, वास येऊ लागला की टाकून द्यावी. काही जुन्या पद्धतींत खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत तो कधीही घालू नये.

मैदा नसेल तर मुद्दाम विकत आणू नये आणि खाण्याचे पीठही यासाठी काढू नये. आमच्याकडे भाताचे पातेले खरवडून निघते ती शिते आणि उरलेली पेज पुन्हा उकळून फडक्यातून गाळून घेतो. ही खळ थोडी पातळ असते, पण पताका आणि साखळ्या तिने उत्तम चिकटतात. जाड कागदासाठी डिंक हवा. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक मुली स्वतःच आणतात. तो रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी ढवळून गाळायचा आणि बाटलीत भरायचा. बाजारातल्या गोंदाची बाटली आमच्या कपाटात आहे, पण तिची आठवण क्वचितच होते.

रंगांची पेटी रानातच

लाल-तपकिरी रंगाला गेरू, काळ्याला वाटलेला कोळसा, पांढऱ्याला तांदळाचे पीठ, पिवळ्याला हळद. होळीच्या सुमारास पळस फुलला की त्याची फुले पाण्यात उकळून केशरी रंग मिळतो. गेरू, कोळसा आणि पीठ कागदावर टिकून राहावेत म्हणून त्यांत थोडे डिंकाचे पाणी घालावे. हळद आणि पळसाचा रंग उन्हात विटतो, म्हणून तो आतल्या आराशीला वापरावा.

हळदीच्या कागदाची एक गंमत सातवीच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर ध्यानात राहते. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर लावावी आणि कागद वाळवावा. मग काडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर लिहावे. अक्षरे तांबूस उमटतात. चुन्याच्या निवळीनेही तसेच होते. त्यावर लिंबाचा रस फिरवला की अक्षरे पुन्हा पिवळी होऊन नाहीशी होतात. साबण आणि चुना हे आम्लारीधर्मी, लिंबू आम्लधर्मी, आणि हळद त्यांतला फरक दाखवणारी. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे कोडे प्रत्येक मुलीने पाहिलेले असते. ते इथे सुटते. या कागदाची शुभेच्छापत्रे करून मुली एकमेकींना देतात आणि सोबत सांगतात, "साबणाचा हात फिरव, मग वाचता येईल."

तारप्याचा फेर

आमच्या सगळ्या आराशीत मुलींना सर्वांत प्रिय आहे ती कातरलेल्या माणसांची साखळी. जगभर मुले अशी साखळी करतात. आमच्या मुलींनी तिला वारली रूप दिले आहे.

एका बाजूने छापलेला ए-४ कागद घ्या. तो २९.७ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद असतो. त्यातून २४ सेंमी लांब आणि १० सेंमी उंच अशा दोन पट्ट्या निघतात. पट्टीची पंख्यासारखी मागे-पुढे घडी घाला, ६ सेंमीचे चार भाग होतील. सर्वांत वरच्या भागावर वारली माणूस काढा. वर गोल डोके, खाली खांद्याकडून कमरेकडे निमुळता होणारा त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून उलटा दुसरा त्रिकोण, मग दोन पाय. दोन्ही हात बाजूला पसरून थेट घडीच्या कडांपर्यंत न्या. हात किमान १ सेंमी रुंद असू द्या आणि घडीवर जिथे हात येतो तिथे कात्री लावू नका. बाकी सगळे कापून पट्टी उघडा. चार जण हात धरून उभे राहतात.

अशा चार पट्ट्या हातावर हात ठेवून खळीने जोडल्या की सोळा जणांचा फेर तयार होतो. त्याचा व्यास सुमारे २९ सेंमी भरतो आणि जमिनीवर तो आपल्या पायांवर उभा राहतो. मधोमध तारपा वाजवणारा एक जण बसवायचा. दुधी भोपळा आणि बांबू यांपासून केलेले हे वाद्य मुलींनी घरी ऐकलेले असते, त्यामुळे त्याचा आकार सांगावा लागत नाही. भिंतीवर लावायचे असेल तर पट्ट्या सरळ ठेवून गेरू फासलेल्या वर्तमानपत्रावर चिकटवायच्या. गेरूवर पांढरी माणसे, म्हणजे थेट घरच्या कुडाच्या भिंतीसारखे.

या ठिकाणी मी मुलींना जिव्या सोमा मशे यांच्याविषयी सांगते. डहाणू तालुक्यातले हे वारली चित्रकार. लग्नाचा चौक लिहिण्याची कला मुळात सुवासिनींची. ती भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणून मशे यांनी जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. ज्या मुलीला आपल्या घरची भिंत शहरातल्या मैत्रिणीला दाखवायला संकोच वाटतो, तिने ही गोष्ट ऐकायला हवी.

बांबूशिवाय आकाशकंदील

कामट्यांचा सांगाडा, पतंगी कागद, करंज्या आणि झिरमिळ्या असलेला पारंपरिक कंदील देखणा खरा, पण सांगाडा बांधायला सराव लागतो. पाचवीच्या मुलीला तासाभरात जमेल असा कंदील पुढीलप्रमाणे.

कॅलेंडरच्या जाड कागदाचा ३० सेंमी लांब व २० सेंमी रुंद तुकडा घ्या. रंग हवा असेल तर आत्ताच द्या व वाळवा. लांबीच्या रेषेत मधोमध घडी घाला. घडीच्या विरुद्ध कडेपासून ३ सेंमी आत एक रेघ मारा. आता घडीच्या बाजूने त्या रेघेपर्यंत, दीड-दीड सेंमी अंतरावर चिरा द्या. रेघेच्या पलीकडे चीर जाता कामा नये. कागद उघडून नळीसारखा वळवा व दीड सेंमी कड एकमेकीवर ठेवून चिकटवा.

आतल्या नळीसाठी हळदीने रंगवलेला तेवढ्याच लांबीचा, पण १६ सेंमी उंचीचा कागद घ्या. ही नळी बाहेरच्या नळीत बसेल इतकी किंचित लहान करा. बाहेरच्या नळीची वरची आणि खालची कड आतल्या नळीच्या कडांना चिकटवली की उंचीतला ४ सेंमीचा फरक जिरवण्यासाठी मधल्या पट्ट्या बाहेर फुगतात. कंदिलाचा सगळा डौल त्या फुगवट्यात आहे. वर दोन सेंमी रुंद पट्टीची कडी लावा. खाली पतंगी कागदाच्या किंवा वर्तमानपत्राच्या आठ-दहा झिरमिळ्या सोडा.

कंदील वाळत असताना आम्ही दोऱ्याने त्याचा घेर मोजतो आणि पट्टीने व्यास. घेर साधारण साडेअठ्ठावीस, व्यास नऊ. मग पाण्याची बादली, ताट, वाटी, सगळ्यांचे घेर आणि व्यास मोजतो. प्रत्येक वेळी घेर व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त भरतो. गणिताच्या पुस्तकातला 'पाय' त्या दिवसापासून परका राहत नाही.

कंदिलात पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये. वीज असेल तिथे न तापणारा लहान एलईडी दिवा लावावा. वीज नसेल तिथे कंदील नुसताच टांगावा आणि पणती खाली अंगणात, कंदिलापासून दूर ठेवावी. पाड्यावरची घरे कुडाची आणि पेंढ्याच्या छपराची असतात. ही सूचना आम्ही मुलींकडून प्रत्येक वर्षी पुन्हा म्हणवून घेतो.

थर्माकोलच्या मखराला आणि प्लास्टिकच्या तोरणांना आमच्याकडे आता जागा नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आराशीच्या थर्माकोलवर बंदी घातली. आमच्या मुलींच्या दृष्टीने कारण त्याहून साधे आहे. कागद पावसात विरघळून मातीत जातो. थर्माकोलचे तुकडे ओढ्यात तरंगत राहतात, आणि त्याच ओढ्याचे पाणी गावाची गुरे पितात.

लगदा : मुखवटे आणि टोपल्या

कागदाचा लगदा ही कोणी बाहेरून आणलेली कला आहे असे समजू नये. जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे निघतात. त्यांचे मुखवटे लाकडाचे असतात तसेच कागदाच्या लगद्याचेही असतात. ते करणारे कारागीर याच परिसरात आहेत. तासाला आम्ही देवांचे मुखवटे करत नाही. त्यांना मान असतो, रीत असते आणि ते ज्यांचे काम त्यांनीच करावे. आम्ही वाघ, ससा, घुबड करतो. दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस येते. त्या दिवशी पाड्यांवर वाघदेवाची पूजा असते, त्यामुळे वाघाला मागणी जास्त.

रद्दीचे बारीक तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजवावेत. मग उखळात किंवा पाट्यावर वाटून, पिळून घ्यावेत. मूठभर मेथ्या रात्री भिजवून वाटून त्यात मिसळाव्यात. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो, आणि कडूपणामुळे टोपलीला किडा लागत नाही, असे जुन्या बायका सांगतात. मेथ्या नसतील तर दाट खळ चालते. पालथ्या पातेल्यावर ओले फडके पसरून त्यावर अर्धा बोट जाडीचा थर सारखा थापावा. एक दिवस सावलीत आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवावे. पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवले तर तडे जातात. पावसाळ्यात हे काम काढू नये, लगद्याला बुरशी धरते. वाळलेल्या टोपलीवर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची नक्षी काढावी. आमच्या स्वयंपाकघरात लसूण आणि वाल अशाच टोपल्यांत राहतात.

औषधाची पाकिटे

कागदकाम म्हणजे केवळ शोभा, असे कोणी म्हणू नये म्हणून हा भाग मुद्दाम लिहिते. फिरत्या दवाखान्यातून रुग्णाला गोळ्या मिळतात. सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते, आणि चिठ्ठीवर लिहिले तर ती वाचणारे घरात कोणी नसते. यावर आमच्या आठवी-नववीच्या मुली पाकिटे करतात.

ए-४ कागद मधोमध कापला की २१ सेंमी लांब आणि १४.८ सेंमी रुंद असे दोन तुकडे होतात. छापील बाजू आत ठेवावी. लांबीच्या एका कडेला १ सेंमीची पट्टी सोडून उरलेल्या २० सेंमीची मधोमध घडी घालावी आणि ती पट्टी चिकटवावी. खालची दीड सेंमी कड वर दुमडून चिकटवली की १० सेंमी रुंदीचे पाकीट तयार. एका कागदात दोन पाकिटे होतात.

पाकिटावर तीन चित्रे असतात : डोंगरामागून वर येणारा अर्धा सूर्य, डोक्यावरचा पूर्ण सूर्य आणि चंद्र. म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यातून या तिन्हींचे ठसे मी ब्लेडने कापून दिले आहेत. कोळशाच्या शाईने मुली ते उमटवतात. दवाखान्याच्या ताई प्रत्येक चित्राखाली जितक्या गोळ्या तितके ठिपके देतात. जेवणाआधी घ्यायची असेल तर रिकामे ताट आणि जेवणानंतर असेल तर भाताचा ढीग असलेले ताट काढतात. गोळी तिच्या मूळ वेष्टनातच राहू देतात, पाकीट फक्त बाहेरचे. सकाळी एक आणि रात्री एक, हे आता आजीबाईंना कोणाला विचारावे लागत नाही. ज्या मुलीने पाकीट केले ती सुट्टीत घरी गेल्यावर ते स्वतःच्या आजीच्या उशाशी पाहते, तेव्हा तिला आपल्या कामाची किंमत कळते.

सुट्टीची साखळी

सर्वांत सोपी वस्तू शेवटी ठेवली आहे. १५ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद पट्ट्या कापायच्या, एकीची कडी करून चिकटवायची, दुसरी तिच्यातून ओवून चिकटवायची. पताकांच्या माळेइतकीच ही साखळी सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही तिचा उपयोग निराळा करतो.

दिवाळीची सुट्टी हा वसतिगृहाचा काळजीचा काळ असतो. भातकापणी उरकली की पाड्यांवरची अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर मजुरीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, सगळे घर निघते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगीही सोबत जाते. सुट्टी संपते आणि तिची खाट रिकामी राहते. अनेकदा आईवडिलांना मुलीला परत पाठवायचे असते, पण तारीख निसटते. घरात कॅलेंडर असले तरी ते वाचणारी एकटी ती मुलगीच असते.

म्हणून सुट्टीला निघताना प्रत्येक मुलगी एक साखळी बरोबर नेते. सुट्टीचे जितके दिवस तितक्या कड्या. घराच्या मेढीला ती टांगायची आणि रोज रात्री जेवण झाल्यावर खालची एक कडी तोडायची. वरच्या शेवटच्या तीन कड्या हळदीच्या पिवळ्या असतात. पिवळी कडी आली म्हणजे पिशवी भरायला घ्यायची. आई शाळेत गेलेली नसली तरी किती दिवस उरले हे तिला दिसते. कडी कोणी तोडायची यावरून भावंडांत भांडण होते, त्यामुळे विसरायची सोयच नसते.

साखळीने स्थलांतर थांबते असे मी म्हणणार नाही. ज्या घरात पावसाळ्यापर्यंत पुरेल इतके धान्य नाही, त्या घराचा निर्णय पोट घेते, कागद घेत नाही. पण एका मुलीचे वडील तिला सोडायला आले तेव्हा म्हणाले, पिवळ्या दोन कड्या उरल्या तेव्हाच मी मुकादमाला सांगून ठेवले की पोरीला सोडून मगच भट्टीवर येतो. तारीख घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून ती पाळली गेली. वसतिगृहाच्या अधीक्षिकाताईंनी आता ही साखळी सुट्टीच्या सूचनापत्राचाच भाग केली आहे.

आपण काय पाठवावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. कार्डशीट आणि चमकीऐवजी पुढील वस्तू पाठवल्यात तर त्या वर्षभर पुरतात आणि आपला खर्चही फारसा होत नाही.

• एका बाजूने कोरे असलेले कार्यालयीन कागद. नाव, पत्ता, खाते क्रमांक असे खासगी तपशील असलेले कागद मात्र कृपया बाजूला काढावेत.
• जुनी कॅलेंडरे आणि लग्नपत्रिका. देवांची चित्रे असलेली पाने आधी काढून घेतलीत तर बरे. त्यांवर कात्री चालवायला मुली धजावत नाहीत.
• बोथट टोकाच्या मध्यम कात्र्या. तासाला दोघींत एक कात्री असते, ती प्रत्येकीला एक झाली तर काम दुप्पट होईल.
• ३० सेंमीच्या पट्ट्या आणि पेन्सिली.
• पतंगी कागद. विकत घेण्यासारखी वस्तू हीच एक, आणि तीही फक्त दिवाळीपुरती.

वर्तमानपत्रे दूरवरून पाठवू नयेत. त्यांच्या किमतीपेक्षा वाहतूक जास्त पडते, आणि तालुक्याच्या गावी आम्हाला ती मिळतात.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपला एक दिवस. कागदाची एखादी नवी घडी, एखादे खेळणे येत असेल तर ते शिकवायला या. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. डॉ. अनिल अवचट कागदाच्या घड्यांतून प्राणी-पक्षी उभे करत. दोघांनीही मोठ्या साहित्याची वाट पाहिली नाही. येताना सोबत काही आणले नाहीत तरी चालेल. कागद आमच्याकडे आहे, खळ चुलीवर आहे. पुढच्या सुट्टीपूर्वी साठेक मुलींच्या साखळ्या करायच्या आहेत, तेव्हा पट्ट्या कापायला बसलात तरी मोठी मदत होईल.